कोरड्या विहिरींची सरासरी

माझ्या नणंदेला तोंडावर मी ताई म्हणते, पण मनातल्या मनात त्या वन्संच. समोर वन्सं म्हटलं तर त्या विचारतील, काय गं, नाटकात काम मिळालं का. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या. भूजल विभागात शास्त्रज्ञ. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. डोंगराच्या पायथ्यापासून वरच्या उतारापर्यंत बेचाळीस विहिरी आहेत, त्यांत वर्षातून चार वेळा फीत सोडायची आणि जमिनीपासून किती खाली पाणी लागतं ते वहीत लिहायचं. फितीच्या टोकाला खडू घासतात. जिथपासून खडू ओला, तिथं पाणी. एवढंच तुमचं शास्त्र होय, असं मी त्यांना चिडवायचे.

आणि मी? मी जलखात्याच्या मुख्य कार्यालयात टिपणं लिहिते. शास्त्रज्ञांचा एकशे साठ पानांचा अहवाल येतो, त्याचं मी एक पान करते आणि सचिव ते एक पान वाचतात. उरलेली पानं कोणी उघडतही नाही, हे मी वन्संना कधी सांगितलं नव्हतं. सांगायला जीभच रेटली नाही. त्या मला कारकूनबाई म्हणायच्या. मी अधिकारी आहे म्हटलं, तर म्हणायच्या, बरं, अधिकारी कारकूनबाई.

त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. जेवण एकत्र. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच जेवणाच्या टेबलावर आमचं एकदा कडाक्याचं वाजलं. त्यांच्या अहवालात एका परिच्छेदात तीनदा 'अत्यंत' होतं, ते मी तिन्ही कापले होते. त्या म्हणाल्या, तुला पाण्यातलं काय कळतं. मी म्हटलं, तुम्हाला वाक्यातलं काय कळतं. माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळून त्याला स्वतःचं तोंड उघडायचा कंटाळा आलेला असतो. पण त्या दिवशी त्यानं चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की या घरात आजपासून कुणी फाइलीबद्दल बोलणार नाही. तो नियम आम्ही दोघींनी पाळला. मला तर त्याचा अभिमानच होता. नणंदेचा अहवाल म्हणून भावजयीनं झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणू शकलं नसतं.

नेमकं इथंच घोडं पेंड खात होतं, पण ते कळायला अकरा वर्षं लागली.

दरवर्षी वन्सं लिहायच्या की वरचा उतार आटत चाललाय, तिथं नवे खोल बोअर घेऊ देऊ नका. दरवर्षी मी त्याचं एक पान करायचे आणि खाली सरासरीचा तक्ता जोडायचे. तक्ता सांगायचा की पाणी उलट थोडं वर येतंय. सचिव शेरा मारायचे, 'परिस्थिती समाधानकारक', वरच्या उतारावर आणखी थोडे बोअर मंजूर व्हायचे, आणि वन्संकडे परत जायचे फक्त ते दोन शब्द. तक्ता त्यांच्यापर्यंत कधी जातच नसे. त्यांना वाटायचं, कालव्याकाठच्या भरलेल्या विहिरी मिसळून वरचे लोक सरासरी काढत असतील. मला काय वाटायचं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटायचं, बाईला आपल्या विहिरींचा जरा जास्तच पुळका आहे.

ऑफिसातही त्यांचं हसं व्हायचं. त्यांचा अहवाल आला की कोणीतरी म्हणायचं, आली रडगाण्याची वही. मी हसायचे नाही, पण गप्प बसायचे. गप्प बसणं हेही काही फार वेगळं नव्हतं.

मग तो रविवार आला. दुपारी मी खिडकीच्या काचा पुसत होते आणि वन्सं कापडी पिशवीत सहा वह्या घेऊन खाली आल्या. खुर्चीत बसल्या, उठल्या, परत बसल्या. इतकी चुळबुळ करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं की गुरुवारच्या बैठकीत वरचा उतार 'सुरक्षित' म्हणून जाहीर होणार आहे. खोल बोअरचे पंचावन्न अर्ज पडून आहेत. एकदा 'सुरक्षित'चा शिक्का बसला की सगळ्यांना एकदम परवानगी. आणि पुढच्या महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार, त्यांची जागा भरायची नाही असं ठरलेलं. म्हणजे नंतर मोजायलाही कोणी नाही.

"नियम मोडतेय, कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पण या वेळी नीट लिही गं. तुझ्याइतकं नीट दुसरं कोणी लिहीत नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं, तेही कौतुक करून. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं सुचेना.

त्या वर गेल्यावर मी वह्या उघडल्या. विचार असा होता की एखादं ठसठशीत उदाहरण शोधावं, एक विहीर घ्यावी आणि तिचं वर्षागणिक काय झालं ते तीन ओळींत मांडावं. सचिवांना गोष्ट आवडते, आकडे नाहीत. सात नंबरची विहीर घेतली. वन्संच्या वहीत अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लिहिलं होतं, 'कोरडी'. मी माझा तक्ता काढला. सात नंबरपुढे रिकामा चौकोन.

आणि मला आठवलं. तेव्हा मी खात्यात नवी होते आणि हा तक्ता संगणकावर बसवायचं काम माझ्याकडे होतं. जिथं आकडा हवा तिथं 'कोरडी' हा शब्द आला की यंत्र अडायचं आणि अख्खा रकाना चुकीच्या खुणांनी भरून जायचा. दिसायला इतकं गचाळ की मला सहन होईना. मी तो शब्द पुसून टाकला. चौकोन रिकामा राहिला, तक्ता स्वच्छ झाला, बेरीज-भागाकार सुरळीत चालू लागला. आमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी तो तक्ता चार जणांना दाखवून माझी पाठ थोपटली. पुढं ज्या ज्या विहिरीपुढे 'कोरडी' आलं, तिथं मी चौकोन रिकामा ठेवत गेले. टापटिपीची भारी हौस ना मला.

आता यानं काय झालं बघा. यंत्र सरासरी काढताना फक्त आकडे घेतं, रिकामे चौकोन सोडून देतं. वरच्या उतारावर पाणी मुळातच खोल, वीस-पंचवीस मीटरवर. त्यातली एखादी विहीर आटली की ती हिशेबातूनच गळायची, आणि मागे उरायच्या पायथ्याच्या विहिरी, जिथं पाणी वर आहे. नापास मुलं पटावरून काढून टाकली की शाळेचा निकाल सुधारतो, तसं. जितक्या विहिरी आटतील तितकी सरासरी गोंडस. अकरा वर्षांपूर्वी पाणी सरासरी चौदा मीटरवर होतं आणि यंदा साडेबारावर, म्हणजे माझ्या कागदावर ते दीड मीटर वर चढलं होतं. वन्संच्या वहीत पायथ्याच्या विहिरीसुद्धा अडीच मीटरनं खाली गेल्या होत्या. आणि वरच्या उतारावरच्या पंधरापैकी किती कोरड्या, ते मी बोटावर मोजलं. तेरा.

नवरा शेजारच्या खोलीत कुणाची तरी कवळी घासत बसला होता. मी त्याला जाऊन सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ताईला कधी सांगणार. लिहून कळवू का, असं मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार सोडला.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. विभागाच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली ती खोली आहे. भिंतीवर फिती लटकवलेल्या, खिडकीत दगडांचे नमुने, टेबलावर खडूची पूड. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, एका दमात, कारण बसले असते तर रडले असते. वन्संनी तक्ता हातात घेतला, पेन्सिलनं कडेला आकडे मांडले आणि दोनदा बेरीज केली. मग चष्मा काढून बराच वेळ काच पुसत बसल्या. मी वाट पाहत होते की आता माझा उद्धार होणार. व्हायलाच हवा होता.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी मला नाही, स्वतःला सांगितलं. आणि मला तेव्हा समजलं की दरवर्षी ते दोन शब्द परत आल्यावर ही बाई आपल्याच वह्यांवर शंका घेत राहिली असणार. फीत बरोबर आहे ना, आपले डोळे बरोबर आहेत ना. मी खाली बसले आणि रडलेच. त्यांनी खिशातला रुमाल दिला, तोही खडूनं भरलेला. मला शिंका यायला लागल्या, तेव्हा त्या जरा हसल्या.

मग आमचं भांडण सुरू झालं, आणि खरं सांगते, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. त्यांचं म्हणणं असं की आकड्याच्या रकान्यात शब्द लिहिला तो त्यांनी, तेव्हा टिपणात चूक त्यांची म्हणून लिहावी. त्या महिन्याभरात घरी बसणार आहेत, त्यांचं कोण काय वाकडं करणार. माझी बढती तोंडावर आलेली. मी म्हटलं, तुमचा शब्द खरा होता, पुसला मी. उगाच हौतात्म्य पत्करू नका. त्या म्हणाल्या, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. मी म्हटलं, मी आता चव्वेचाळीस वर्षांची आहे, माझं तोंड लहान राहिलेलं नाही. त्यावर त्यांनी हात टेकले.

पण खरी अडचण पुढेच होती. तक्ता दुरुस्त करायचा तर त्या तेरा चौकोनांत आकडा काय घालायचा? मी सुचवलं की विहीर जितकी खोल तितका आकडा घालू. तीस मीटरची विहीर कोरडी, तर पाणी तीस मीटरवर समजू. वन्सं एकदम ताठ झाल्या. फीत तळाला टेकली आणि पाणी लागलं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्याच्या खाली ते एक मीटरवर आहे की चाळीस, हे त्यांनी मोजलेलं नाही. न मोजलेला आकडा त्यांनी बावीस वर्षांत दिला नाही आणि आता जाता जाता देणार नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे आकड्याशिवाय पान हलत नाही. त्या म्हणाल्या, मग नको हलू दे. सोमवार गेला. मंगळवारही त्यातच गेला. जेवणाच्या टेबलावर आम्ही फाइलीबद्दल बोललो नाही, पण वाटी-चमच्यांचा आवाज इतका झाला की नवरा ताट घेऊन गॅलरीत गेला.

बुधवारी सकाळी आंघोळ करताना माझ्या डोक्यात आलं, आणि मी ओल्या केसांनी वर पळाले. वन्सं खडूचा डबा भरत होत्या. मी म्हटलं, ताई, पाणी किती खाली आहे हे कशाला सांगायचं? सचिवांना फक्त बोअर द्यायचा की नाही एवढं ठरवायचंय. मग विहिरीच मोजू. कोरड्या किती आणि ओल्या किती. नियम असा लिहायचा की एखाद्या भागातल्या मोजणीच्या विहिरींपैकी तीनातली एक जरी उन्हाळ्याच्या शेवटी कोरडी निघाली, तर त्या भागात नवा बोअर नाही. सरासरी नको, यंत्र नको, तुमचा न मोजलेला आकडाही नको. तुमचा तो शब्दच आकड्याचं काम करेल.

वन्संनी खडूचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, थांब, तपासून घेते. त्यांनी सगळ्या वह्या जमिनीवर पसरल्या. हा नियम मागे नेऊन बसवला तर तो कधी लागू झाला असता, उगाचच कुठे पाणी असताना अडवणूक तर झाली नसती ना, हे त्या एकेक वर्ष उलटून पाहत होत्या. मी ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी परत आले, तेव्हा त्या सगळ्या वह्या मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, चालेल. एवढंच.

गुरुवारी अकराला बैठक. सचिव म्हणजे कोरडा पण सरळ माणूस. पहिलं पान वाचतात, दुसरं उलटतील की नाही ते पहिल्यावर अवलंबून. म्हणून मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की गेल्या अकरा वर्षांचा सरासरीचा तक्ता चुकीचा आहे आणि तो मी तयार केलेला आहे. त्यांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत वाचली. वन्सं लगेच उभ्या राहून म्हणाल्या की आकड्याच्या जागी शब्द लिहिण्याची सवय त्यांची होती, म्हणून हे झालं. मी म्हटलं, तसं नाही, शब्द बरोबर होता. त्या म्हणाल्या, तू गप्प बस. भर बैठकीत. सगळे टेबलाकडे बघायला लागले.

सचिवांनी विचारलं की आमचं काही नातं आहे का. मी म्हटलं, नणंद-भावजय. त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला आणि त्यांनी दुसरं पान उलटलं.

नियम वाचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला की या शास्त्रज्ञ गेल्यावर विहिरी कोण मोजणार. मी सांगितलं, विहीर कोरडी आहे की नाही हे दोरीला दगड बांधून गावातलं कोणीही सांगू शकतं. ते पटत नसेल तर दुसऱ्यानं जाऊन बघावं. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी पेन उघडलं. मग वन्संकडे वळून विचारलं की शास्त्र म्हणून हे त्यांना मान्य आहे का. मला माहीत होतं, या बाईला 'हो' म्हणायच्या आधी चार अटी घालायची सवय आहे, आणि चार अटी ऐकल्या की सचिव पेन बंद करतात.

"अर्धवट आहे," वन्सं म्हणाल्या. "पण खोटं नाही."

सचिवांनी वरच्या उतारापुढचा 'सुरक्षित' खोडला.

आदेश निघाला तेव्हा वन्संच्या निवृत्तीला बारा दिवस उरले होते. पंचावन्नच्या पंचावन्न अर्ज परत गेले. मला खुलासा मागणारं पत्र आलं आणि माझी बढती पुढं ढकलली गेली, त्यावरून मी कमी आणि वन्संच जास्त संतापल्या. सचिवांच्या दालनात जाऊन त्यांनी काय ऐकवलं ते मला अजून कोणी सांगत नाही. ऑफिसात आता रडगाण्याची वही असं कोणी म्हणत नाही. म्हणालंच, तर मी गप्प बसणार नाही.

आदेशाची प्रत घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा त्या सामान आवरत होत्या. जमिनीवर बसून फिती गुंडाळणं चालू होतं. प्रत त्यांनी एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि म्हणाल्या की दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम जास्त आहे. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी माझ्या लग्नातही ठेवला नव्हता.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. एक गोष्ट मला गेले कित्येक दिवस आत कुरतडत होती. खरं म्हणजे विचारायची गरजच नव्हती. एका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या वह्या घेऊन मी स्वतः पाहिलं होतं. वरच्या उतारावर पाच विहिरी कोरड्या झाल्या त्या नऊ वर्षांपूर्वी, आणि पंधरातल्या पाच म्हणजे तीनातली एक. नियम तेव्हाच लागू झाला असता. आज तेरा कोरड्या आहेत. मधल्या आठ माझ्या तक्त्याच्या स्वच्छ चौकोनांत गेल्या, आणि त्या आठ विहिरींवर पाणी भरणाऱ्या माणसांची मला नावंसुद्धा माहीत नाहीत. तरी मी विचारलं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे निदान कोणीतरी मला ते सुनावलं असं झालं असतं.

"ताई, माझा तक्ता नसता तर किती वाचल्या असत्या?"

वन्सं फीत गुंडाळत राहिल्या. बुधवारी दिवसभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? एकेक वर्ष, एकेक विहीर. तो आकडा त्यांना झोपेतही सांगता आला असता.

"कोण जाणे गं," त्या म्हणाल्या. "ते काही मी मोजलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. न मोजलेला आकडा त्यांनी आयुष्यात कधी दिला नाही, आणि मोजलेला कधी लपवला नाही. हा एकच लपवला, तोही माझ्यासाठी, आणि त्यांना खोटं बोलता येत नसल्यामुळे फार वाईट रीतीनं. मी 'बरं' म्हटलं आणि फितीचं दुसरं टोक धरलं.